संध्याकाळ नसलेला खेळ

"सर, कटाळा आला खेळायचा. पण खेळावं लागतं."

हे वाक्य अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाचे आहे. तो मूळचा कंधार तालुक्यातला. दहावीनंतर लातूरला आला आणि ट्यूशन एरियात तिघांत एक खोली करून राहू लागला. मोबाईलवरच्या खेळाविषयी बोलणे चालले होते. मुलगा हुशार आहे, उद्धट नाही आणि खोटेही बोलत नव्हता. त्याचे वाक्य मात्र व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहून ठेवावे असे आहे. मराठीत 'खेळावंसं वाटतं' असे म्हणता येते आणि 'खेळावं लागतं' असेही म्हणता येते. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात सक्ती. पाणी भरावे लागते, फी भरावी लागते, पेपर तपासावे लागतात. 'लागणे' हे क्रियापद आपण कामासाठी राखून ठेवले आहे. या रांगेत खेळ कसा येऊन बसला?

पुस्तके, नाटके, चित्रपट यांची आपल्याकडे परीक्षणे लिहिली जातात. आपले विद्यार्थी या तिन्हींना मिळून जितके तास देत नसतील तितके ज्या वस्तूला देतात, तिचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. तिचा फक्त निषेध होतो. निषेध करणाऱ्याला ती वस्तू पाहावी लागत नाही, ही त्यातली मोठी सोय. प्रस्तुत लेखकाने महिनाभर हा खेळ खेळून पाहिला. वयामुळे बोटे चालत नाहीत, त्यामुळे फार वरची पायरी गाठता आली नाही. पण खेळाची बांधणी समजण्याइतका अनुभव मिळाला. पुढचे विवेचन त्या बांधणीविषयी आहे.

खेळाचे आजचे नाव 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. नांदेड-लातूरकडची मुले त्याला अजून 'पबजी'च म्हणतात. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाच्या कल्पनेतून हा खेळ २०१७ मध्ये संगणकावर आला आणि २०१८ मध्ये मोबाईलवर. मूळ कल्पनेमागे २००० सालचा 'बॅटल रोयाल' हा जपानी चित्रपट आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने इतर ११७ अ‍ॅप्सबरोबर तो बंद केला. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ पासून पुन्हा सुरू झाला. या बंदीच्या इतिहासाकडे पुढे यावे लागेल.

आधी खेळाचे गुण सांगितले पाहिजेत. ते न सांगता दोष सांगितले तर मुले ऐकत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. 'एरँगल' हा सर्वांत जुना नकाशा ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद, म्हणजे समुद्र धरून ६४ चौरस किलोमीटरचा आहे. शंभर माणसांना एवढी जागा म्हणजे सुरुवातीला शुकशुकाटच. मग नकाशावर एक वर्तुळ उमटते, त्याच्या आत राहावे लागते आणि ते आक्रसत जाते. येथे भूमितीची एक साधी गोष्ट कामाला लावली आहे. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ निम्मे होत नाही, चतुर्थांश होते. चार वेळा त्रिज्या निम्मी केली तर मूळ क्षेत्रफळाचा २५६ वा भाग उरतो. माणसे मरून कमी होतात त्यापेक्षा जागा वेगाने कमी होते आणि म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत छाती धडधडते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र नववी-दहावीत पाठ करून घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या सूत्राची धडधड मुलांना दाखवली आहे? आवाजावरून दिशा ओळखणे, अंतराचा अंदाज घेणे, चौघांनी मिळून तीस सेकंदांत निर्णय घेणे, हे सगळे या खेळात आहे. एकेक डाव सुटा घेतला तर हा खेळ उत्तम रचलेला आहे, असे म्हणावे लागते.

दुसरा गुण बांधणीचा नाही, पण आपल्या भागात तोच अधिक महत्त्वाचा आहे. वर उल्लेखलेल्या मुलाच्या टीममध्ये चार जण आहेत आणि चौघेही एकाच गावचे. एक लातूरला, एक नांदेडला श्यामनगर भागात खोली करून, एक पुण्यात आयटीआयला आणि एक गावातच. सातवीपर्यंत ते एका बाकावर बसत. आज ते रात्री साडेदहाला कानात इअरफोन घालून याच बेटावर भेटतात. गोळीबार चालू असताना गावात पाऊस पडला का, कोणाच्या बहिणीचे लग्न ठरले, हे बोलणे होते. पाराची जागा या बेटाने घेतली आहे. मुलाला 'खेळ सोड' असे सांगताना आपण त्याला 'पारावर जाऊ नकोस' असे सांगत असतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

मग कंटाळा कशाचा? आणि 'लागतं' कशामुळे?

या खेळाला दोन मजले आहेत. खालचा मजला डावाचा. तो अर्ध्या तासात संपतो. वरचा मजला शिडीचा. प्रत्येक डावाचे गुण मिळतात किंवा वजा होतात आणि त्यावरून पायरी ठरते: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस. सर्वांत वर 'कॉन्करर', तेथे प्रत्येक प्रकारात पहिले पाचशेच बसतात. पाचशे जागा आणि कोट्यवधी खेळाडू. पायऱ्या चढण्याच्या या उद्योगाला मुले 'रँक पुश करणे' म्हणतात. बैलगाडी चढावर ढकलावी तसा हा शब्द आहे. काही आठवड्यांचा एक हंगाम असतो. हंगाम संपला की शिडीवरून सर्वांना काही पायऱ्या खाली उतरवले जाते आणि चढण पुन्हा सुरू होते. शिवाय रोजची कामे असतात, आठवड्याची कामे असतात, रोज हजेरी लावल्याचे बक्षीस असते आणि पैसे भरून घेतलेला 'रोयाल पास' असतो. त्याची मुदत संपण्याआत कामे पुरी केली नाहीत तर भरलेल्या पैशांतून मिळणाऱ्या वस्तू हुकतात.

डावाचा मजला खेळाचा आहे, शिडीचा मजला नोकरीचा आहे. या नोकरीला पगार नाही, उलट पास आपणच विकत घ्यायचा.

शिडी थकवते कशी, ते थोड्या गणिताने पाहू. शंभर खेळाडू, चार-चारच्या टीम, म्हणजे पंचवीस टीम. सगळ्या तुल्यबळ धरल्या तर एका डावात जिंकण्याची शक्यता पंचविसात एक, म्हणजे ०.०४. न जिंकण्याची ०.९६. सलग सतरा डाव न जिंकण्याची शक्यता काढायची तर ०.९६ चा सतरावा घात घ्यायचा. उत्तर जवळपास नेमके ०.५ येते. म्हणजे सतरा डाव शेवटपर्यंत खेळले, सुमारे साडेआठ तास घातले, तरी एकदा तरी जिंकू की नाही याची शक्यता छापा-काट्याइतकीच. पन्नास डावांनंतरही शंभरातल्या तेरा जणांच्या वाट्याला एकही विजय आलेला नसेल. संभाव्यतेच्या धड्याला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण आहे. दहावीच्या वर्गात ते करून घ्यावे. मुले स्वतःचे आकडे सांगू लागतील.

यावर कोणी म्हणेल, सरावाने शक्यता वाढेलच ना? येथेच मेख आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांवर समोरच्या शंभरात बरेचसे 'बॉट' असतात, म्हणजे यंत्राने चालवलेल्या बाहुल्या. त्या नेम धरत नाहीत, उघड्यावर उभ्या राहतात. नवा खेळाडू पहिल्या आठवड्यात जिंकतो आणि 'आपल्याला जमतंय' असे त्याला वाटते. वर चढू लागला की बाहुल्या कमी होतात आणि आपल्याच तोडीची माणसे समोर येतात. तुम्ही सुधारता तेवढा समोरचाही सुधारलेला असतो. बुद्धिबळात आर्पाद एलो या मिल्वॉकीच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेली गुणांकन पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तेथेही बरोबरीच्यांशी गाठ पडते. पण बुद्धिबळपटूने मिळवलेले गुणांकन दर दोन महिन्यांनी कोणी खाली ओढत नाही. येथे मुलाचे कौशल्य वाढते, पण ते वाढल्याची खूण त्याला दिसत नाही. वर्षभर धावूनही तो त्याच पायरीवर असतो.

मग तो थांबत का नाही? वर्गात करता येईल असा एक प्रयोग सांगतो. साहित्य चिंचोके, दोन कापडी पिशव्या आणि भाजलेले शेंगदाणे. मुलांचे दोन गट करावेत. पहिल्या गटातल्या मुलाने पिशवीतून एकेक चिंचोका काढून परत टाकायचा, दर पाचव्या वेळी त्याला एक शेंगदाणा मिळेल. दुसऱ्या गटाच्या पिशवीत पाचांतला एक चिंचोका घासून पांढरा केलेला असावा, तो हाती आला की शेंगदाणा. सरासरी दोन्हींची सारखीच. दहा मिनिटांनंतर काही न सांगता बक्षीस बंद करावे: पहिल्या गटाला देणे थांबवावे, दुसऱ्या पिशवीतले पांढरे चिंचोके काढून घ्यावेत. आता कोण किती वेळा हात घालतो ते मोजावे. प्रयोग झाल्यावर मुलांना खरे काय ते सांगावे, ही अट आहे.

फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेल्या अशा प्रयोगांचा मोठा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. बक्षीस अनिश्चित अंतराने मिळत असेल तर कबुतर न थांबता टोचत राहते आणि बक्षीस बंद झाल्यावरही दीर्घकाळ टोचते. याचा अर्थ कबुतर मूर्ख असा काढला जातो, तो बरोबर नाही. दुसऱ्या गटातल्या मुलाच्या जागी बसून पाहा. पाचांत एक शक्यता असताना सलग दहा वेळा रिकामा हात येण्याची शक्यता ०.८ चा दहावा घात, म्हणजे सुमारे अकरा टक्के. दहा वेळा काही मिळाले नाही म्हणून 'बक्षीस बंद झाले' असा निष्कर्ष काढण्यास त्याच्याजवळ पुरेसा पुरावाच नाही. पहिल्या गटातल्या मुलाला मात्र पाचव्या नाही तर दहाव्या वेळी कळून चुकते. म्हणजे चिकाटी बुद्धीच्या अभावातून येत नाही, पुराव्याच्या अभावातून येते. आमच्या कंधारच्या मुलाची गत हीच आहे. 'पुढच्या मॅचला लागंल' हे त्याचे वाक्य त्याला मिळालेल्या माहितीशी सुसंगत आहे.

येथे 'डोपामिन' या शब्दाचा समाचार घेणे भाग आहे. तो हल्ली पालकसभांतही ऐकू येतो. 'खेळताना डोपामिन सुटते, ते आनंदाचे रसायन आहे, म्हणून मुलांना व्यसन लागते', असे सांगितले जाते. खेळताना मेंदूत डोपामिन वाढते हे १९९८ मध्ये लंडनमध्ये आठ पुरुषांवर केलेल्या प्रयोगात दिसले होते. ते रणगाड्याचा एक साधा खेळ खेळत होते. तेवढे खरे. पण 'आनंदाचे रसायन' हे चुकीचे. केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे उंदीर घेतले की ज्यांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ नष्ट केले होते. हे उंदीर स्वतःहून खायलाही जात ना. पण तोंडात साखरेचे पाणी सोडले की पूर्वीसारखेच ओठ चाटत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' या दोन गोष्टींची मेंदूतली व्यवस्था वेगवेगळी आहे, असा निष्कर्ष त्यातून पुढे मांडला गेला. मग याच्या उलटही होऊ शकते. ओढ शाबूत आणि गोडी गेलेली. 'कटाळा आला, पण खेळावं लागतं' या वाक्याचा मजकूर याहून वेगळा काय आहे? उंदरांवरून माणसांवर उडी मारताना जपावे हे मान्य. पण मुलगा स्वतःविषयी जे सांगतो ते परस्परविरोधी नाही, एवढे तरी यावरून समजावे.

मराठीत यासाठी 'वीट येणे' हा शब्द आहे, पण तो येथे पुरत नाही. श्रीखंडाचा वीट आला की माणूस वाटी सरकवतो. येथे वीट आला आहे आणि वाटी सरकत नाही. इंग्रजीतला 'बर्नआउट' हा शब्द या अवस्थेसाठी मानसशास्त्रात रूढ केला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मनापासून सेवा करणारे स्वयंसेवक काही महिन्यांत आतून विझून जाताना त्यांनी पाहिले. मला यासाठी 'करपणे' हा शब्द योग्य वाटतो. करपलेले पीक उभेच असते, दुरून हिरवेही दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाले, या दोन्ही गोष्टींची नोंद आहे. 'खेळाचा विकार' हा आजार म्हणून नोंदला आहे: खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे, आणि हे साधारण वर्षभर, जगणे विस्कटेल इतके. 'करपणे' मात्र आजार म्हणून नोंदलेले नाही. त्याची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपणे, कामाविषयी मन उडणे, आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. आणि स्पष्ट बजावले आहे की ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरतीच वापरावी, आयुष्याच्या इतर भागांना लावू नये.

कंधारचा मुलगा या दोन नोंदींच्या मधल्या फटीत सापडला आहे. त्याला विकार आहे असे म्हणता येत नाही. तो वर्गाला जातो, जेवतो, चाचण्या देतो. करपला आहे असे म्हणावे तर नियमाप्रमाणे त्यासाठी नोकरी हवी. नियम करणाऱ्यांनी खेळ आणि नोकरी या दोन वेगळ्या जागा आहेत असे धरले. वरच्या मजल्यावर शिडी बांधणाऱ्यांनी तो फरक पुसून टाकला आहे.

वर्तमानपत्रांतही या मुलाला जागा नाही. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीला रेल्वेरुळाजवळ पबजी खेळत बसलेले दोन तरुण गाडीखाली सापडले, ती बातमी देशभर गेली. जाणे योग्यच होते. पण तशा बातम्यांमुळे पालकांची समजूत अशी होते की धोका म्हणजे रूळ, आणि पोरगा खोलीत खेळतोय तोवर ठीक.

आता आपल्याकडे बोट वळवावे लागेल. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बी.एड.च्या अभ्यासात कधीतरी येऊन गेलेला असतो. बालवाडीतल्या, चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेल्या मुलांना सांगितले, 'चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल.' मिळालेही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुले इतर मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना आधी न सांगता अचानक प्रशस्तिपत्र दिले होते त्यांची आवड मात्र टिकली. या प्रयोगावर पुढे वाद झाले आणि प्रत्येक बक्षीस घातक असते असे त्यातून निघत नाही. पण आवडीच्या गोष्टीला आधी जाहीर केलेली बक्षिसाची अट जोडली की ती गोष्ट काम होते, ही शंका त्याने पक्की केली.

लातूर आणि नांदेड या गावांत आपण नेमके हेच मोठ्या प्रमाणावर करत आलो आहोत. 'लातूर पॅटर्न' राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधून उभा राहिला तेव्हा त्यात जादा तास, नियमित चाचण्या आणि शिक्षकांची प्रचंड मेहनत होती. खेड्यातल्या मुलांना त्याने डॉक्टर-इंजिनिअर केले, हे नाकारणारा मी नव्हे. पण गुणवत्ता यादी गेली आणि देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आली, तसा पॅटर्नमधला शिकवण्याचा भाग मागे पडत गेला आणि चाचणीचा भाग वाढत गेला. आज अनेक शिकवण्यांत दर आठवड्याला चाचणी असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. संध्याकाळी मोबाईलवर रँक येते. रँकवरून बॅच बदलते, वरच्या बॅचमधला मुलगा खाली येतो. पुढच्या रविवारी पुन्हा चढण.

मुलाने त्या दिवशी दोन्ही रँक मला एकाच मोबाईलवर दाखवल्या, एक बोट सरकवून. वरच्या ओळीत चाचणीतली, खालच्या ओळीत खेळातली. चाचणीच्या शिडीवरून थकून तो विसाव्याला गेला तेथे दुसरी शिडी होती. पायाने थकलेल्या माणसाने विसावा म्हणून डोंगर चढावा, तसा हा प्रकार. फरक आहे, तो सांगायला हवा. अभ्यासाच्या शिडीला शेवटची तारीख आहे आणि चढताना शिकलेले जीवशास्त्र रँक गेली तरी उरते. खेळाच्या शिडीला ना तारीख ना शिल्लक. पण ती रोज काहीतरी देते आणि चूक झाली तर दोन मिनिटांत नवा डाव देते. हे आपली शिडी देत नाही. म्हणून मुलगा इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येत नाही.

उपाय म्हणून जे केले जाते त्यात बंदी पहिली. २०२० च्या बंदीनंतर बरीच मुले 'फ्री फायर' या दुसऱ्या खेळाकडे गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोही बंद झाला, तोवर पहिला नाव बदलून परत आला होता. ऑगस्ट २०२५ च्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, ते चांगलेच झाले, पण ज्याविषयी आपण बोलत आहोत तो खेळ त्या प्रकारात मोडत नाही. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा खेळातच घातलेली आहे. वय खोटे सांगण्यास फारशी हुशारी लागत नाही. आणि तीन तास शिडी चढणे ही काय विश्रांती झाली?

दुसरा उपाय मोबाईल हिसकावण्याचा. हा डाव मधेच थांबवता येत नाही, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. हिसकावला की उरलेले तिघे उघड्यावर पडतात, मुलाचे गुण वजा होतात आणि त्याचा राग योग्य असतो. 'हा डाव संपला की बंद' हे पाळता येण्यासारखे आहे, 'आत्ताच्या आत्ता' नाही. हिसकावल्यानंतर पहिले काही दिवस चिडचिड वाढते, मित्राच्या मोबाईलवर दुप्पट खेळणे होते. पालक म्हणतात, 'बघा, आणखीच बिघडला.' पण बक्षीस बंद झाल्यावर वागणे विझण्याआधी एकदा उसळते, ही प्रयोगशाळेतली जुनी नोंद आहे. कंदील विझताना भडकतो तसे. या उसळीच्या दिवसांत मोबाईल परत दिला तर मुलाला एवढेच शिकवले जाते की उसळी मारली की मिळते.

त्या मुलाशी बोलताना खेळ सोडण्याविषयी मी काहीच म्हटले नाही. दोन मजले कागदावर काढून दाखवले आणि कोणत्या मजल्याचा कंटाळा आला आहे, ते विचारले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मॅचचा नाही सर. रँकचा." खेळात गुण न मोजले जाणारे डावही आहेत, हे त्याला माहीत होते, पण 'त्यात काय मजा' म्हणून तिकडे तो जात नसे. हंगाम संपायला नऊ दिवस होते. तेवढे पुरे करायचे, नवा पास घ्यायचा नाही आणि पुढच्या हंगामात गुणांच्या डावात उतरायचेच नाही, असे त्यानेच ठरवले. चौघांपैकी दोघांनी मान्य केले. श्यामनगरच्या मुलाने केले नाही. तो डायमंडवर आहे आणि त्याला क्राउन दिसतो आहे. नंतरच्या महिन्यात कंधारच्या मुलाचे खेळणे कमी झाले, बंद झाले नाही. रात्री साडेदहाचा मेळा आठवड्यातून तीनदा भरतो. एकदा तर चौघांनी बेटावर एकही गोळी न झाडता नुसती जीप फिरवली, असे तो हसत सांगत होता.

सगळ्यांच्या बाबतीत हे इतके सोपे होत नाही. झोप, जेवण, वर्ग सुटत चालले असतील, मुलगा चार-चार दिवस खोलीबाहेर पडत नसेल, तर ते शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

विटीदांडू आणि लगोरी यांना नियम होते, हार-जीत होती, भांडणेही होती. पण दिवस मावळला की विटी दिसेनाशी होई आणि खेळ संपे. काल कोण जिंकले याची नोंद कुठे नसे, दुसऱ्या दिवशी सगळे शून्यावर. जुन्या खेळांचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही, ते खेळही मुलींच्या वाट्याला कमीच येत. पण त्यांना संध्याकाळ होती. ट्यूशन एरियातल्या खोलीला गच्ची असते, तीवर वाळत घातलेले कपडे असतात आणि पाण्याच्या टाक्या असतात. जवळपास मैदान कोठे आहे, असे त्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "हाय सर, क्रीडा संकुल. पण तिकडं जायला अर्धा घंटा लागतो, अन् सहाला डाऊटचा तास असतो."

डाऊटचा तास साडेसहाला नेता येईल का, असे मी त्याच्या शिकवणीत विचारून आलो आहे. अजून उत्तर आलेले नाही.